काचेची बाहेरची बाजू

काचेपलीकडून बायको काहीतरी म्हणाली आणि स्वेटरने मान हलवली.

ती परत काहीतरी म्हणाली. त्याने परत हलवली. मग तिने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, काचेच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि तेच बोट खाली आणून सरळ त्याच्या छातीवर रोखलं. मध्ये काच होती म्हणून बरं.

एवढं मात्र त्याला कळलं. तुझी आहे.

त्याने वर पाहिलं. कोपऱ्यात एक रेघ राहिली होती. केसासारखी बारीक, उन्हात चमकणारी. आणि उभी. उभी म्हणजे त्याचीच, वादच नाही. त्याने जीभ चावली, टाचा उंचावल्या आणि वायपर पुन्हा वरून खाली ओढला.

काचा पुसणाऱ्यांची ही साधी युक्ती. बाहेरच्याने वायपर वरून खाली ओढायचा, आतल्याने डावीकडून उजवीकडे. मग रेघ राहिली तर भांडायचं कारण नाही. उभी असली तर बाहेरच्याची, आडवी असली तर आतल्याची. "दोघांनी सारखंच पुसलं ना," काका म्हणायचे, "तर जन्मभर एकमेकांकडे बोटं दाखवत बसाल आणि रेघ आपली तिथेच." काका म्हणजे ज्यांनी त्याला हे काम शिकवलं ते. आता त्यांचा गुडघा गेला होता. म्हणून आज आतल्या बाजूला बायको होती.

म्हणजे, फक्त म्हणून नाही. पण ते सांगतो पुढे.

जागा म्हणजे खाडीवरच्या बोटींच्या धक्क्याचं प्रतीक्षालय. लांबच लांब हॉल, आत बाकं, एका टोकाला तिकिटाची खिडकी. पाण्याकडची अख्खी भिंत काचेची, फरशीपासून छतापर्यंत, एकीला लागून एक अशा उंच खिडक्या. आणि त्या भिंतीला बाहेरून चिकटलेली एक अरुंद लोखंडी गॅलरी, कमरेएवढ्या कठड्याची. तिच्या जाळीदार तळातून खालचं पाणी दिसायचं. पहिल्यांदा उभं राहिलं की पोटात गोळा यायचा. नंतर तो गोळा हळूहळू विरघळायचा आणि माणसाला वाटायचं, आपल्याला खाली धरून ठेवणारं काही उरलंच नाही.

स्वेटरला ते फार आवडायचं.

त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. बाकी सगळे स्वेटरच म्हणायचे. तो सरकारी औषध भांडारात होता. ऊन लागलं की औषधं खराब होतात, म्हणून त्या इमारतीला खिडक्याच ठेवलेल्या नव्हत्या. आतल्या थंड खोलीत कपाटांच्या रांगा, वर ट्यूबलाइट, आणि मध्ये हा. बारा महिने अंगात राखाडी स्वेटर. भर उन्हाळ्यात सगळं जग घाम पुसत जेवायला बाहेर पडायचं आणि त्यांच्यात हा एकटा गळ्यापर्यंत बटणं लावून. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे त्याला आत येणाऱ्यांच्या खांद्यांवरून कळायचं. खांदे ओले असले की पाऊस.

नोकरी चांगली होती, हे सांगायलाच हवं. पक्की. कोणी ओरडायचं नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो नाकासमोर चालणारा माणूस होता आणि नाकासमोर कपाट होतं.

मग काका आले. भांडाराला काच अशी एकच, पुढच्या दरवाज्याची, तेवढी पुसायला ते यायचे. एकदा त्यांना शिडी उचलवेना म्हणून याने दुसरं टोक धरलं, तर ते म्हणाले, "रविवारी मोकळा आहेस का रे?" हा होता मोकळा. त्या रविवारी एका रिकाम्या शोरूमच्या काचेवर त्याने आयुष्यात पहिल्यांदा वायपर ओढला. साबणाच्या पांढऱ्या फेसातून रबर खाली सरकत गेलं आणि त्याच्यामागून पट्टाभर आकाश उघडत गेलं. ढगासकट. दुसरा पट्टा ओढला, तर एक पक्षी पहिल्यातून दुसऱ्यात गेला.

तिथून पुढे तो भांडारात जायचा खरा, पण गेलेला नसायचा.

रविवारमागून रविवार गेले. आणि एका मंगळवारी, काही खास झालेलं नसताना, तो साहेबांसमोर उभा राहिला आणि नोकरी सोडतो म्हणाला. साहेबांना वाटलं, रजा मागतोय. ते म्हणाले, "घे की, भरपूर शिल्लक आहे." त्याने परत सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. तब्येत विचारली. घरी सगळं ठीक ना, विचारलं. मग विचारलं, "दुसरीकडे कुठे मिळाली?"

"काचा पुसणार आहे."

"कशाच्या?"

"खिडक्यांच्या."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. माणूस चांगला. शेवटी म्हणाले, "तुझी खुर्ची मी पुढच्या शुक्रवारी कार्यालय बंद होईपर्यंत कोणाला देत नाही. त्या दिवशी मीच फोन करेन. येतो म्हणालास तर तू काही बोललाच नव्हतास असं समजू. त्यानंतर माझ्या हातात नाही."

घरी सांगितलं तेव्हा बायको इस्त्री करत होती. तिने ऐकलं आणि हात आहे तिथेच राहिला. अभ्रा जळाल्याचा वास आला तेव्हा दोघं भानावर आले.

"काचा," ती म्हणाली. "कोणाच्या?"

"कोणाच्याही. ज्याच्या असतील त्याच्या."

"आपल्या घरच्या जमेत धरल्यास का? आपल्यातून समोरचा दिव्याचा खांब दिसत नाही."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा मी करतेय?" तिने जळका अभ्रा उचलून उजेडाकडे धरला. त्या तपकिरी डागातून दिवा लाल दिसत होता. मग अगदी सावकाश म्हणाली, "मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते की नसते, ते आता कसं कळणार?"

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. रडणं नाही, आदळआपट नाही. लेकीला वसतिगृहात फोन केला तेव्हा, "बाबा बरे आहेत, काचा पुसतात," एवढंच म्हणाली, बाबांना सर्दी झालीय म्हणावं तसं. आणि काल, गुरुवारी, जेवण झाल्यावर एकदम म्हणाली, "काकांचा गुडघा गेलाय ना? मग उद्या आतल्या बाजूला मी येते. दिवसभर बघते तुझं काय चाललंय ते. संध्याकाळी साहेबांचा फोन आला की काय सांगायचं, ते मी ठरवणार. कबूल?"

त्याने मान हलवली. आणि या बाबतीत तो प्रामाणिक होता. ती जा म्हणाली तर सोमवारी तो परत त्या थंड खोलीत जाऊन बसणार होता. तेवढं तो तिचं देणं लागत होता, असं त्याला वाटत होतं. म्हणून आज सकाळपासून तो काचेकडे कमी आणि काचेपलीकडच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होता. शेतकरी आभाळाकडे बघतो तसं. काही कळत नव्हतं.

सकाळी त्यांचे दोन-तीनदा खटके उडाले होते. खाडीचं खारं पाणी उडून काचेवर सुकतं, त्याची वाळूसारखी कच होते. त्यावर आधी नुसतं गोडं पाणी मारायचं आणि थांबायचं. घाईने पुसायला गेलं की काचेला ओरखडे. बायको थांबणाऱ्यातली नाही. ती शिकायला म्हणून आधी बाहेर आली होती, दारातच उभी, आणि त्याने पाणी मारल्या मारल्या तिचा हात पुढे.

"थांब."

"किती थांबू?"

"ते पाण्यावरून कळतं."

"बरं. मला जरा सांगायला सांग त्याला."

मग ती आत गेली ती गेलीच. पण हात चांगला होता तिचा. तिसऱ्या-चौथ्या खिडकीपर्यंत तिचा वायपर कडेपर्यंत एका दमात जायला लागला. तो बादली भरायला आतल्या नळावर गेला तेव्हा तिकीटवाल्या मावशी खिडकीतून मान बाहेर काढून तिची चौकशी करत होत्या.

"नवीन का गं तू? त्या काकांपेक्षा बरी दिसतेस."

"काकांना सांगते तसं."

"सांग सांग. आणि तो बाहेरचा कोण तुझा?"

"नवरा."

"अस्सं." मावशींनी एका प्रवाशाला सुटे परत दिले. "मग काच मध्ये आहे ते बरंय."

बायको हसली. स्वेटरने बादलीत तोंड घातल्यासारखं केलं आणि बाहेर सटकला. पण ती हसली होती. ते त्याने मनात नीट घडी घालून ठेवलं.

दुपारकडे ऊन बदललं. खाडीवर अशी एक वेळ येते की वारा पडतो आणि पाणी तेलासारखं होतं. तेव्हा काचेत सगळंच दिसतं. स्वेटर पुसत होता आणि काचेत त्याच्या मागचं पाणी होतं, पाण्यावरचं आकाश होतं, पलीकडच्या तीरावरची झाडं होती, आणि या सगळ्याच्या आत बायको होती. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी. पलीकडून बोट निघाली. काचेत ती डावीकडून आली, हळूहळू बायकोच्या दंडात शिरली, तिच्या पोटातून सरकत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली. माणसांसकट. बायकोला पत्ता नाही. ती आपली एकाग्र होऊन काचेवरचं काहीतरी नखाने खरवडत होती.

दोघांचे हात समोरासमोर चालायचे. त्याचा खाली, तिचा आडवा. मध्येच एका जागी दोघांचे वायपर काचेच्या दोन बाजूंनी एकमेकांवर यायचे आणि सुटायचे. इतका वेळ सलग ते एकमेकांसमोर शेवटचे कधी उभे राहिले होते, त्याला आठवेना. घरी असतात माणसं, पण एक ओट्यापाशी, एक टीव्हीपाशी. समोर नसतात.

ती मधूनमधून बोलायची. ऐकू काहीच यायचं नाही, काच जाड होती. ओठ हलायचे, भुवया वर जायच्या, तो मान हलवायचा. ते त्याच्या मानेचं कामच होतं. भांडारात कोणी काही मागितलं की हलवायची, घरी काही विचारलं की हलवायची. फार वर्षांची सवय, मान आपोआप जायची. एकदा ती काहीतरी म्हणाली आणि तो हलवून मोकळा झाला, तर ती वाकून हसायलाच लागली. मावशींना हाक मारली. त्या तिकीटखिडकीतून बघायला लागल्या. ती परत काहीतरी म्हणाली, याने परत हलवली, आणि आत नुसता हशा. बाकावरचे दोघं-तिघंही हसले. स्वेटरही हसला, आपल्याला काय. हसतायत तर बरंच आहे.

मग ती हसायची थांबली. काचेच्या अगदी जवळ आली, इतकी की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. हळू काहीतरी म्हणाली. लहानसंच.

त्याने मान हलवली, बादली उचलली आणि पुढच्या खिडकीकडे गेला.

जेवायला ते आतल्या शेवटच्या बाकावर बसले. डब्यात पाव आणि उकडलेली अंडी होती. ती अंडं सोलत म्हणाली, "सकाळपासून मी तुला काय काय विचारलं, सांग बरं."

"पाणी... बदलायचं का, वगैरे."

"हो का? मी विचारलं, आपण घरात हत्ती पाळायचा का? हो म्हणालास."

"चल."

"मी विचारलं, मी या बोटवाल्याबरोबर पळून जाऊ का?"

"हो म्हणाला!" तिकडून मावशी ओरडल्या. "दोनदा म्हणाला! मी साक्षीला आहे."

तोही हसला. खरंच हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पावाचा तुकडा हातात धरून हसत होता आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"काय झालं?"

"काही नाही." तिने सोललेलं अंडं त्याच्या डब्यात ठेवलं. "तुला आठवतं का, मी मोजणी खात्यात होते?"

न आठवायला काय झालं? जमिनी मोजणाऱ्यांच्या पथकात होती ती. लाल-पांढरी लांब पट्टी घेऊन टेकडीवर जाऊन उभी राहायची. लांब खाली एक साहेब दुर्बिणीला डोळा लावून हात करायचा, डावीकडे, अजून डावीकडे, बस. सबंध दिवस उघड्यावर. संध्याकाळी घरी यायची ती तोंड लाल, केसांत गवत, आणि घर लहान पडावं असा आवाज. लेक झाल्यावर तिने ती नोकरी सोडली. त्याचं भांडारातलं काम तेव्हा नुकतंच पक्कं झालं होतं.

"सोडायच्या आधी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "असंच जेवताना. सोडू का नोकरी? तू ताटात बघत होतास."

तो आताही डब्यातच बघत होता.

"मान हलवलीस."

"मला वाटलं, तुलाच सोडायची होती."

"मला वाटलं, तुला तसं हवंय." ती अंड्याची टरफलं गोळा करत होती, एकेक, बोटाच्या टोकाने टिपून. "तू नको म्हणावंस म्हणून विचारलं होतं रे मी."

बाहेर बोट लागली. माणसं उतरली, सामान, सायकली, कोणाचं तरी रडणारं मूल. हॉल भरला आणि परत रिकामा झाला. तेवढा सगळा वेळ स्वेटर तसाच बसून होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्याची मान हलायला निघाली होती, ती त्याने धरून ठेवली. तेवढंच त्याला जमलं.

इतकी वर्षं. ती कधी म्हणाली नव्हती. आणि त्याने काय केलं होतं? एका मंगळवारी मन झालं म्हणून उठून आला होता. तिला न विचारता. विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि ती विचारून बसली होती. विचारून घरात गेली होती.

"आज," तो म्हणाला. "हत्ती, मग बोटवाला. तिसरं काय विचारलंस? काचेजवळ येऊन?"

"जाऊ दे."

"सांग ना."

"ते ऐकून काय करणार?"

"ऐकतो आधी."

ती उठली, टरफलं कचऱ्याच्या डब्यात टाकली, नळावर हात धुतले, ओल्या हातांनी केस मागे सारले. येऊन उभी राहिली. "विचारलं, मी बाहेर येऊ का?"

"मी काय केलं?"

"हलवलीस. आणि गेलास पुढच्या खिडकीकडे." ती किंचित हसली. "मी दारापर्यंत आले होते. म्हटलं, वळून बघेल."

त्याने बाकावरचा आपला वायपर उचलून तिच्या हातात दिला. लाकडी दांड्याचा, काकांनी दिलेला, हाताच्या घामाने काळा पडलेला. कमरेचा पट्टा सोडला, ज्याचा आकडा गॅलरीच्या कठड्याला अडकवायचा असतो, आणि तिच्या कमरेला बांधायला लागला. शेवटच्या भोकातही सैल होत होता, म्हणून गाठ मारली.

"हा आकडा सोडायचा नाही. खिडकी बदलली की आधी पुढे अडकवायचा, मग—"

"टेकडीच्या टोकावर उभी राहिलेय मी. मला कठडा शिकवतोस?"

"वरून खाली ओढ. आडवा नको."

"माहितीये. सकाळपासून बघतेय."

ती बाहेर गेली आणि दार लागलं.

स्वेटरने तिचं फडकं घेतलं, तिचा वायपर घेतला, आणि आतल्या बाजूने खिडकीसमोर उभा राहिला. आतून वेगळंच होतं सगळं. काचेत पाणी नाही, आकाश नाही, काहीच उमटत नव्हतं. फक्त आरपार. वर ट्यूबलाइट होती. फरशीचा गारवा चपलेतून पायात येत होता, ओळखीचा.

बाहेर ती एक हात कठड्यावर ठेवून उभी होती. काम सुरूच करेना. पाण्याकडे तोंड, काचेकडे पाठ. वारा परत सुटला होता, तिचे केस आधी इकडे गेले, मग तिकडे, तिने आवरले नाहीत. खांदे खाली आले. अंगातलं काहीतरी सैल झाल्यासारखी ती जराशी उंचही दिसत होती. त्याने काचेवर टकटक केलं. तिला ऐकू गेलं नाही. परत केलं नाही त्याने.

मग ती वळली आणि पाणी मारलं. थांबली. खरंच थांबली, पाण्यावरून कळेपर्यंत. आणि मग वायपर वर लावून असा ओढला की काचेवरून पडदा उतरावा. तिची नजर काचेवर होती, काचेत जे तिला दिसत होतं त्याच्यावर. तो तिच्या समोरच उभा होता, हातभर अंतरावर. ती त्याच्यातून आरपार बघत होती. तिला काय दिसत असेल, त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याला बोट करून दाखवावंसं वाटलं नाही की मी इथे आहे.

उन्हं उतरायला लागली तेव्हा खिशात फोन वाजला.

साहेब.

तो ओल्या हाताने फोन धरून हॉलच्या टोकाला गेला, गॅलरीचं दार उघडलं. वारा एकदम आत शिरला, मावशींच्या खिडकीतले कागद फडफडले. "अरे दार लाव, दार!"

"साहेबांचा फोन आहे," तो बायकोला म्हणाला. "काय सांगू?"

ती त्याच्यापासून तीन-चार खिडक्या लांब होती. तिने मागे पाहिलं नाही. वायपर काचेच्या तळापर्यंत नेला, फडक्याला पुसला, मग म्हणाली, "येत नाही म्हणून सांग."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचा आवाज त्याला जवळपास ऐकू आला. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात ती वळली. तोंड लाल झालं होतं वाऱ्याने. कपाळावर फेसाचा ठिपका.

"पण बाहेर मी."

"आज?"

"आज नाही. रोज."

फोन वाजतच होता. स्वेटरने तिच्या मागे पाहिलं. पाणी होतं, वितळल्यासारखं. खूप वर एक पक्षी पंख न हलवता गोल फिरत होता. पलीकडच्या तीरावर कोणीतरी दिवा लावला होता, अजून उजेड असतानाच. हे सगळं रोज असणार होतं. त्याला माहीत होतं, ती चेष्टा करत नाहीये. आणि हेही माहीत होतं की नको म्हटलं तर ती एक शब्द न बोलता आत येईल. ती येणाऱ्यातली होती. आली होतीच एकदा.

"मी विचारतेय," ती म्हणाली. "चालेल?"

"चालेल," स्वेटर म्हणाला. मोठ्याने म्हणाला, वाऱ्यात ऐकू जावं म्हणून. मग परत म्हणाला, "हो. तू बाहेर."

आत येऊन त्याने दार लावलं आणि फोन कानाला लावला.

"अरे, किती वेळ वाजतोय," साहेब म्हणाले. "मग? सोमवारी येतोयस ना?"

"नाही साहेब."

"नक्की? बायकोशी बोललास?"

"तीच म्हणाली."

"म्हणजे दिवसभर उन्हातान्हात बाहेर लटकणार तू?"

"नाही. बाहेर ती असते. मी आतल्या काचा करतो."

साहेबांना हे जरा पचायला वेळ लागला. "आत? अरे, मग इथे काय वाईट होतं?"

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला, लांबलचक, आणि तो थांबेपर्यंत साहेबांनी बरं म्हणून फोन ठेवला होता. फोन खिशात टाकून त्याने फडकं पिळलं.

ती एक खिडकी पुढेच असायची. तो खिडकीपाशी पोचावा तर तिची बाजू झालेली, खालच्या कडेला शेवटचं पाणी ओघळत असलेलं, आणि ती पलीकडे गेलेली. तिचा नुसता कोपर दिसायचा, कधी पदर, कधी कठड्यावर पुढे सरकलेला आकडा. तो आपला वायपर डावीकडून उजवीकडे नेत होता. घाई नव्हती. पुढची, मग त्याच्या पुढची.

दिवसाची शेवटची मोठी बोट सुटली. गॅलरीच्या अगदी जवळून निघाली. वरच्या डेकवर माणसं कठड्याला रेलून उभी होती, आणि त्यांच्यातल्या एका मुलीने बाहेर उभ्या बाईकडे बघून हात हलवला. बायकोने वायपर उंच केला. मग डेकवरच्या आणखी दोघा-तिघांनी हात हलवले, उगाचच, बोटीवरची माणसं हलवतात तसे. ती वायपर हलवत राहिली.

स्वेटरनेही आतून हात वर केला. सूर्य समोर होता, काच नुकतीच लख्ख झालेली. बोटीवरून त्या काचेत नुसतं आकाश दिसत असणार. तरी बोट वळेपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.